पूररेषेच्या वर : वेलचेरीतील घरगुती नेटवर्क आणि कॅमेरे

वेलचेरीत घरगुती नेटवर्क उभारताना किंवा कॅमेरे बसवताना पहिला प्रश्न असतो तो जमिनीच्या उंचीचा. पासवर्ड, कंपनी, मेगापिक्सेल हे सगळे त्यानंतर येते. दक्षिण चेन्नईतील हे उपनगर पूर्वी तळी आणि पाणथळ जमीन यांच्यामधले गाव होते. गावाचे तळे अजून आहे, पण पुष्कळ आक्रसलेले. अडंबाक्कमकडून येणारे पाणी वीरांगल ओढ्याने पल्लिकरणैच्या दलदलीत उतरते आणि तेथून ओक्कियम मडुवू या वाटेने बकिंगहॅम कालव्याला मिळते. २०२२ मध्ये या दलदलीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तोवर तिचा बराच भाग इमारती, रस्ते आणि कचऱ्याच्या ढिगाखाली गेला होता. पाण्याची ही वाट अरुंद झाल्याने विजयनगर, राम नगर, ए. जी. एस. कॉलनी, तान्सी नगर अशा सखल वस्त्यांत पाऊस थांबल्यावरही पाणी रेंगाळते.

चेन्नईचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. महाराष्ट्रात छत्र्या माळ्यावर जातात, दिवाळीची साफसफाई सुरू होते, तेव्हा वेलचेरीतील लोक आभाळाकडे पाहू लागतात. डिसेंबर २०१५ च्या महापुरात अडयार नदीकाठाबरोबर हा भागही बुडाला. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळाने झाडे आणि खांब पाडले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पावसाने येथील गल्ल्या काही दिवस पाण्याखाली ठेवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुसळधार पावसाचा इशारा मिळताच लोकांनी आपल्या मोटारी वेलचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या. मोटार पुलावर नेता येते. भिंतीवरचा राउटर, जिन्याखालचा रेकॉर्डर आणि जमिनीवरची बॅटरी ऐनवेळी हलवता येत नाही. त्यांची जागा बसवतानाच ठरवावी लागते. सांगली, कोल्हापूर, चिपळूण किंवा बदलापूर येथील पूर पाहिलेल्या घरांनाही पुढील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

जागा

वेलचेरीतील अपार्टमेंटचा नेहमीचा साचा म्हणजे खांबांवर उभी इमारत, तळाशी वाहनतळ आणि वर तीन-चार मजले. विजेचे मीटर, पाण्याच्या टाकीची मोटर, वॉचमनची खोली हे सारे तळमजल्यावर असते. इमारतीच्या सामाईक कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर किंवा डीव्हीआर, बहुधा वॉचमनच्या टेबलाखाली किंवा जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवलेला असतो. बसवणाऱ्याला तेथे तार कमी लागते आणि वॉचमनला पडदा समोर दिसतो. पूर आला की सर्वांत आधी बुडते तीच जागा, आणि घरे रिकामी असल्याने ज्या दिवसांचे चित्रण सर्वांत जास्त हवे असते, तेच हातचे जाते.

यावर उपाय सोपा आहे. वॉचमनजवळ फक्त पडदा ठेवावा आणि रेकॉर्डर पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर कुलूपबंद, हवेशीर कपाटात न्यावा. मुख्य नेटवर्क स्विचही तेथेच असावा. तळमजल्यावर घर असेल, तर आधीच्या पुरांत पाणी कुठवर चढले होते याची खूण भिंतीवर किंवा शेजाऱ्यांच्या आठवणीत सापडते. सर्व उपकरणे, प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड त्या खुणेच्या किमान अर्धा मीटर वर असावेत. राउटर उंच ठेवला तरी त्याचा अडॅप्टर जमिनीलगतच्या सॉकेटमध्ये असेल, तर उंचीचा काही उपयोग होत नाही.

उंचीचा एक तोटा म्हणजे उष्णता. मे महिन्यात चेन्नईचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि छताखालचा बंद माळा खोलीपेक्षाही जास्त तापतो. फायबरचा मोडेम, राउटर आणि हार्ड डिस्क अशा जागी लवकर थकतात. म्हणून दाराला जाळी असलेले कपाट किंवा उघडी फळी बंद माळ्यापेक्षा बरी.

वीज

चेन्नईच्या मोठ्या भागात वीज जमिनीखालच्या केबलने येते आणि रस्त्याकडेच्या लोखंडी पिलर बॉक्समधून घरोघरी वाटली जाते. या पेट्या जमिनीलगत असल्याने रस्त्यावर पाणी भरले की शॉक लागून माणसे दगावू नयेत म्हणून वीज कंपनी पुरवठा मुद्दाम बंद करते. पाणी ओसरून पेट्या तपासल्याखेरीज तो पुन्हा सुरू होत नाही. म्हणून पूरकाळातला खंड तासाभराचा न राहता एक-दोन दिवसांवर जाऊ शकतो, आणि बॅकअपचा हिशेब तसाच करावा लागतो.

हा हिशेब कागदावर मांडता येतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत नावापुरती १,८०० वॉट-अवर ऊर्जा असते. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य धरले, तर सुमारे १,२०० हाती लागते. मोडेम आणि राउटर मिळून १५ वॉट, एका डिस्कचा रेकॉर्डर २० वॉट आणि चार कॅमेरे २० वॉट घेतात असे धरले, तर हा ५५ वॉटचा भार वीस-बावीस तास चालतो. इन्व्हर्टर स्वतःही सतत १०-२० वॉट खातो. तो धरला की सोळा ते अठरा तास उरतात. पंखा आणि दिवे त्याच बॅटरीवर असतील तर त्याहूनही कमी. पहिल्या रात्रीनंतर कॅमेरे आणि रेकॉर्डर बंद करून फक्त इंटरनेट चालू ठेवले, तर बॅटरी बरीच ताणता येते. त्यासाठी कॅमेऱ्यांचा स्विच आणि राउटर वेगवेगळ्या बटणांवर असायला हवेत.

फक्त राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. तो १२ व्होल्ट थेट पुरवतो, त्यामुळे डीसीचे एसी आणि एसीचे पुन्हा डीसी करण्यात जाणारी ऊर्जा वाचते. रोजच्या खंडांना त्याचे दोन-चार तास पुरतात. मोठ्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोपेक्षा जड असते, त्यामुळे ती माळ्यावर चढवता येत नाही. तळमजल्यावर तिच्यासाठी लोखंडी अँगलचा उंच स्टँड करून घेतात, किंवा ती वरच्या मजल्यावर ठेवतात.

वीज परत येण्याचा क्षण उपकरणांना वीज जाण्यापेक्षा घातक असतो. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर २३० व्होल्टच्या सॉकेटवर ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर क्षणभराचा धक्का जिरवतो, पण मिनिटभर टिकलेल्या जास्त दाबाने तो स्वतःच जळतो. त्यासाठी मुख्य बोर्डवर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवावा. तो दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडतो आणि स्थिर झाल्यावर थोडे थांबून जोडतो. विजेच्या कडकडाटासाठी मुख्य बोर्डवर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस हवे. ते धक्का जमिनीत सोडते, म्हणून अर्थिंग नीट नसेल तर त्याचा उपयोग नाही. जुन्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण अर्थची तार आत जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून हे एकदा मोजून घ्यावे.

बाहेरून येणारी लाइन

फायबरमधून विजेचा धक्का येत नाही. पुरवठादाराच्या केंद्रापासून घरापर्यंतची वाट पॅसिव्ह असेल, तर मध्ये वीजही लागत नाही. अशा जोडणीत घरचा मोडेम बॅटरीवर असला की गल्लीत अंधार असतानाही इंटरनेट चालू राहू शकते. काही स्थानिक केबलवाले मात्र शेजारच्या गच्चीवर विजेवर चालणारा स्विच ठेवून तेथून तांब्याची केबल देतात. तेथील वीज गेली की जोडणी बंद, आणि गच्चीवर वीज पडली तर धक्का थेट राउटरच्या पोर्टमध्ये. जोडणी घेताना फायबर घरातल्या मोडेमपर्यंत येते का, एवढे एकच विचारले तरी पुष्कळ कळते.

पूर आणि वादळ लाइन वेगवेगळ्या रीतीने तोडतात. वरदाने खांबांवरून आणि झाडांवरून गेलेल्या केबल पाडल्या, तर पुराने जमिनीलगतच्या पेट्या बुडवल्या. म्हणून दुसरी लाइन घेताना ती दुसऱ्या कंपनीची असून भागत नाही. तिची वाटही वेगळी असावी. एकाच खांबावरच्या दोन कंपन्यांच्या तारा एकाच फांदीखाली तुटतात. बहुतेक घरांना ४जी किंवा ५जीचा सिमवाला राउटर पुरतो. पण मोबाइल टॉवरही बॅटरी आणि डिझेलवरच तग धरतात, आणि २०१५ मध्ये अनेक टॉवर गप्प झाले होते. म्हणून कॅमेऱ्याचे चित्रण फक्त क्लाउडवर ठेवणे येथे धोक्याचे. घरातल्या डिस्कवर किंवा कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवरही प्रत राहायला हवी.

घरातले जाळे

काँक्रीटचे खांब, लिफ्टचा लोखंडी डबा आणि पाण्याची टाकी वायफायचे संकेत अडवतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती जास्त ओलांडतो, पण दाटीच्या इमारतीत तो गजबजलेला असतो. त्यातील १, ६ आणि ११ हेच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दुबळा. बहुतेक वायफाय कॅमेरे आणि दारावरच्या घंटा फक्त २.४ वर चालतात. टीव्ही, लॅपटॉप ५ वर नेले की कॅमेऱ्यांना मोकळीक मिळते. मोठ्या घरात रिपीटरपेक्षा दुसऱ्या टोकाला तारेने जोडलेला ॲक्सेस पॉइंट भरवशाचा.

कॅमेऱ्यांसाठीही तार वायफायपेक्षा श्रेयस्कर. पॉवर ओव्हर इथरनेट पद्धतीत एकाच केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही जातात. या पद्धतीचे पहिले मानक २००३ चे. त्यानुसार पोर्टमागे १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते, आणि केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी वेगळा अडॅप्टर लागत नाही आणि सगळी वीज वरच्या मजल्यावरच्या एका स्विचमधून, एका बॅटरीवर चालते. पूरग्रस्त इमारतीत हा फायदा मोठा आहे.

केबल मात्र पारखून घ्यावी. चेन्नईची रिची स्ट्रीट असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असू शकतो. तिचा रोध जास्त असतो, ती वाकवताना तुटते आणि लांबवर वीज नेताना कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच बंद पडतो. तारेचे टोक ब्लेडने खरवडले की आतला रुपेरी रंग दिसतो. उघड्यावर उन्हाला टिकणाऱ्या काळ्या वेष्टनाची केबल वापरावी आणि कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते. फाटकापर्यंत किंवा गच्चीवर गेलेली तांब्याची केबल विजेचा धक्का आत आणते. तिच्या दोन्ही टोकांना इथरनेट सर्ज प्रोटेक्टर लावावा किंवा तेवढा पल्ला फायबरने जोडावा.

काय दिसायला हवे

कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलपेक्षा मीटरमागे किती पिक्सेल पडतात हे पाहावे. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत अनोळखी माणसाचा चेहरा ठामपणे ओळखण्यासाठी मीटरमागे २५० पिक्सेल आणि ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ पिक्सेल धरतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. म्हणजे चित्रात ७.६ मीटरपेक्षा जास्त रुंदी घेतली की अनोळखी चेहरा हातचा गेला. २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स पाच मीटरवर जवळपास बारा मीटर रुंदी पाहते. माणूस आला-गेला कळते, तो कोण ते सांगता येत नाही. त्यामुळे वाहनतळाच्या सर्वसाधारण दृश्यासाठी रुंद लेन्स, आणि फाटक, जिना, लिफ्टचे दार अशा अरुंद वाटांवर ६ मिलिमीटरची लेन्स ही जोडी बरी. फार उंचावरच्या कॅमेऱ्याला डोक्यावरचे केस किंवा हेल्मेट दिसते. वाटेवरचा कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर पुरे.

उघड्यावरच्या कॅमेऱ्याला आयपी ६६ किंवा ६७ दर्जा हवा. पण पाणी बहुधा कॅमेऱ्याच्या डब्यात शिरत नाही, ते शिरते त्याच्या शेपटीच्या जोडणीत. ही जोडणी प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवावी. समुद्राच्या खारट हवेत उघड्या पिना हिरव्या पडतात. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाकडे किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतात आणि जाळ्यामुळे चित्र पांढरे पडते. महिन्यातून एकदा काच पुसणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय.

साठवणीचा हिशेबही सरळ आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट वेगाने चित्रण करत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट लागतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ गिगाबाइट, म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कवर साडेअकरा दिवस. गावी गेलेले कुटुंब महिन्याने परतत असेल, तर ३ टेराबाइट तरी हवी. रेकॉर्डरला सतत लिखाण सोसणारी, देखरेखीसाठी बनवलेली डिस्कच घालावी.

चोरवाट

कॅमेरा हा लेन्स लावलेला संगणक आहे. त्याचा कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवला, तर तो परक्याच्या ताब्यात जातो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक संगणकीय प्रणालीने (मालवेअरने) साठहून थोड्या जास्त ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर काबीज केले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्याने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी अमेरिकेतील डाइन (Dyn) ही कंपनी कोलमडली आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांचे चित्रण चोरून विकल्याचे उघड झाले. पोलिसांनी अटक केलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुणही होते.

घरासाठी पुढील क्रम पुरेसा आहे. राउटर, रेकॉर्डर आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलावा, आणि तो बसवणाऱ्या माणसाकडे राहू देऊ नये. वायफायला डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवावे आणि पिनने झटपट जोडणी करून देणारे डब्ल्यूपीएस बंद करावे. त्याचा आठ अंकी पिन फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच दाखवले गेले आहे. आपोआप पोर्ट उघडणारे राउटरचे यूपीएनपी बंद ठेवावे आणि रेकॉर्डरकडे बाहेरून येणारे पोर्ट उघडू नये. बाहेरून पाहायचे असेल, तर कंपनीच्या ॲपला दोन टप्प्यांची खातरजमा लावावी, किंवा जमत असेल तर व्हीपीएन वापरावे. कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर किंवा वेगळ्या व्हीलॅनवर टाकले, तर एक कॅमेरा परक्याच्या ताब्यात गेला तरी बँकेचे व्यवहार होतात त्या लॅपटॉपपर्यंत वाट निघत नाही. फर्मवेअर वर्षातून दोनदा तरी ताजे करावे, आणि कंपनीने अद्यतने देणे थांबवलेला कॅमेरा इंटरनेटपासून तोडावा.

भारत सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे किमान निकष एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. नवा कॅमेरा घेताना तो या निकषांनुसार तपासलेला आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. त्या तारखेपूर्वीचा जुना साठा स्वस्तात मिळाला, तर तो का स्वस्त आहे हे ध्यानात ठेवावे.

शेजार, पोलीस, न्यायालय

चेन्नई पोलिसांनी ‘थर्ड आय’ मोहिमेत २०१७ नंतर रहिवासी संघांना रस्त्याकडे पाहणारे कॅमेरे लावण्यास उत्तेजन दिले. रस्ता आणि सामाईक जागा दिसणे ठीक. शेजाऱ्याचे दार उघडल्यावर आतली खोली दिसणे ठीक नाही. बहुतेक रेकॉर्डरमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते, ती वापरावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचे चित्रण करणे वा प्रसारित करणे गुन्हा असून, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने घराच्या राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीवाचून लावलेले कॅमेरे चालू ठेवण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील सूट व्यक्तीच्या घरगुती वापराला आहे. रहिवासी संघाने ती आपल्याला लागू असल्याचे गृहीत धरू नये. चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि प्रत कुणाच्या लेखी अर्जावर देणार, हे ठरावाने नोंदवावे.

चित्रण पुरावा म्हणून टिकवण्याचे नियम मराठी मुलखातल्या एका खटल्याने पक्के केले. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले गेले का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण न्यायालयात येत नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून हाच विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतो आणि प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा गणिती ठसाही नोंदवावा लागतो. घरमालकासाठी याचा अर्थ असा : घटना घडताच जुने चित्रण पुसले जाण्यापूर्वी मूळ फाइल पेन ड्राइव्हवर काढावी, मोबाइलने पडद्याचे चित्रीकरण करून भागवू नये, आणि रेकॉर्डरचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी जुळते का ते तपासून फरक लिहून ठेवावा.

पाणी चढताना आणि उतरल्यावर

वादळाचा इशारा आला की बॅटरी पूर्ण चार्ज करावी, महत्त्वाचे चित्रण आणि कागदपत्रांची एक प्रत घराबाहेर पाठवावी, आणि तळमजल्यावरचे प्लग काढून ठेवावेत. पाणी आत येण्याची चिन्हे दिसताच मुख्य स्विच बंद करावा. पाणी बोर्डापर्यंत किंवा पायापर्यंत पोहोचल्यावर स्विचला हात लावू नये. इन्व्हर्टर असलेल्या घरात रस्त्यावरची वीज गेल्यावरही सॉकेट जिवंत असतात, म्हणून तोही बंद करावा.

भिजलेले उपकरण चालते का हे पाहण्यासाठी लगेच सुरू करणे ही सर्वांत महागडी घाई ठरते. पुराच्या पाण्यात माती, सांडपाणी आणि क्षार असतात. वीज मिळताच ओल्या सर्किट बोर्डवर गंज चढतो आणि शॉर्ट होतो. राउटर आणि स्विचचे भिजलेले अडॅप्टर पुन्हा वापरू नयेत. बोर्ड दुरुस्तीवाल्याकडून स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळल्यावरच तपासावा. बुडालेली हार्ड डिस्क उघडू किंवा चालू करू नये. चित्रण हवे असेल तर ती आहे तशी माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. केबलच्या आत शिरलेले पाणी वाळत नाही. बुडालेले टोक कापून नवा जोड द्यावा किंवा केबलच बदलावी.

विम्याची तयारी पुराआधीच करावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर आणि वादळाने इमारतीचे व घरातील वस्तूंचे झालेले नुकसान येते. उपकरणांची बिले, अनुक्रमांक आणि बसवलेल्या जागेची छायाचित्रे आधीच ईमेलवर ठेवली, तर दावा सोपा होतो. भिजलेली उपकरणे पाहणी होईपर्यंत टाकून देऊ नयेत. अडॅप्टरसुद्धा पाहणीनंतरच कचऱ्यात जावेत.